रूळ गेले, चढ राहिला

आल्प्स पर्वतात मोटारींचा उपद्रव नसलेल्या कच्च्या वाटांना तोटा नाही. परंतु त्यांतील बहुतेक वाटा गुराख्यांनी किंवा लाकूडतोड्यांनी आपल्या सोयीने पाडलेल्या असल्यामुळे त्यांचे चढ छातीवर येणारे असतात, आणि सायकल चालवण्यापेक्षा ती ढकलण्यातच स्वाराचा अर्धा दिवस जातो. इटलीच्या ईशान्य भागातील टोब्लाख ते कोर्तिना दाम्पेझ्झो ही सुमारे 30 किलोमीटरची खडीची वाट याला अपवाद आहे, कारण ती माणसासाठी किंवा गुरांसाठी नव्हे, तर आगगाडीसाठी आखली गेली होती. लोखंडी रुळावर लोखंडी चाक सहज घसरत असल्याने रेल्वेच्या अभियंत्याला चढ सौम्यच ठेवावा लागतो, आणि त्याची ही अडचण सायकलस्वाराच्या पथ्यावर पडते. टोब्लाखचे रेल्वे स्थानक समुद्रसपाटीपासून सुमारे 1,220 मीटरवर आहे आणि पंधरा किलोमीटरवरचा चिमाबांके हा घाटमाथा 1,530 मीटरवर; म्हणजे चढ सरासरी दोन टक्क्यांचा, बोरघाटात आगगाडीला चढाव्या लागणाऱ्या 37 मीटरला एक मीटर या चढापेक्षाही कमी. माथा ओलांडल्यावर तेवढ्याच अंतराचा उतार कोर्तिनापर्यंत पोहोचवतो.

या मार्गाचा जन्म पर्यटनाच्या हौसेतून झालेला नाही. पहिल्या महायुद्धापूर्वी टोब्लाख आणि कोर्तिना ही दोन्ही गावे ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होती. 1915 च्या मे महिन्यात इटली युद्धात उतरल्यावर कोर्तिना इटालियन सैन्याच्या हाती गेले, टोब्लाख ऑस्ट्रियाकडे राहिले आणि आघाडीची रेषा दोहोंच्या मधल्या कड्यांवर येऊन अडकली. डोंगरमाथ्यावर ठाण मांडलेल्या सैन्याला दारूगोळा, धान्य आणि सरपण पुरवण्यासाठी दोन्ही बाजूंनी आपापल्या टोकाकडून हलके रूळ टाकण्यास सुरुवात केली. एकमेकांना मारण्यासाठी टाकलेले हे रूळ युद्धानंतर, हा सगळा मुलूख इटलीकडे आल्यावर, जोडले गेले आणि 1921 मध्ये टोब्लाख, कोर्तिना व त्यापुढील कलाल्झो यांना जोडणारी सुमारे 65 किलोमीटरची प्रवासी रेल्वे सुरू झाली. तिच्या दोन रुळांमधील अंतर 950 मिलिमीटर, म्हणजे आपल्याकडील मीटरगेजहून थोडे अरुंद होते. 1929 मध्ये ती विजेवर धावू लागली आणि 1956 च्या हिवाळी ऑलिंपिकसाठी कोर्तिनात लोटलेली गर्दी वाहण्यात तिचा मोठा वाटा होता. पण तो तिचा अखेरचा मानाचा प्रसंग ठरला. शेजारच्या राज्य मार्गावर मोटारी आणि बस वाढत गेल्या, उतारू घटले आणि 1964 पर्यंत संपूर्ण मार्ग बंद पडला. पुढे रूळ उखडले गेले, बोगदे आणि पूल तसेच राहिले. ज्या मोटारीने आगगाडी संपवली, तिच्यापासून दूर पळू पाहणाऱ्यांनाच ती जागा मिळावी, यातला विरोधाभास कोणाच्याही लक्षात येईल.

अशा वाटेवर चालणाऱ्या ग्रॅव्हल बाईक या सायकलीचा येथे खुलासा करणे आवश्यक आहे. शर्यतीच्या सायकलीसारखे खाली वळलेले हँडल, परंतु साधारण 40 मिलिमीटर रुंदीचे, नक्षीदार आणि शर्यतीच्या टायरपेक्षा बऱ्याच कमी दाबाने हवा भरलेले टायर, आणि चढावर पाय भरून येऊ नयेत म्हणून हलके गिअर, अशी तिची ठेवण असते. टायरमधली हवा कमी ठेवण्यामागचे कारण सरळ आहे: कडक टायर प्रत्येक खड्यावरून उसळतो आणि तो धक्का स्वाराच्या मनगटात उतरतो, तर मऊ टायर खडा पोटात घेऊन पुढे जातो. टोब्लाख-कोर्तिना वाटेवरील खडी पांढुरकी दिसते, कारण ती डोलोमाइट नावाच्या, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम यांच्या कार्बोनेटने बनलेल्या खडकाची आहे. चुनखडीवर आम्ल टाकले की ती चटकन फसफसते. हा खडक दिसायला चुनखडीसारखाच असूनही तसा फसफसत नाही, हे देओदा द दोलोमिय या फ्रेंच भूशास्त्रज्ञाने 1791 मध्ये नोंदवले आणि त्याच्याच नावावरून आधी खडकाला, मग संपूर्ण पर्वतराजीला नाव मिळाले. कोरड्या दिवसात या खडीची पिठासारखी धूळ साखळीवर बसते, आणि पाऊस झाल्यास त्याच पिठाचा राखाडी लगदा ब्रेकपर्यंत चढतो.

टोब्लाख सोडल्यावर वाट दक्षिणेकडच्या अरुंद खोऱ्यात शिरते. प्रथम टोब्लाखचे तळे लागते, पुढे ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सैनिकांची दफनभूमी, आणि त्यानंतर लांद्रो ही जागा, जिथून डावीकडच्या घळीतून त्रे चिमे, म्हणजे तीन शिखरे, अचानक समोर येतात. त्यांतील सर्वांत उंच शिखर 2,999 मीटरचे आहे. एका मीटरने हुकलेला हा आकडा गिर्यारोहकांना किती सलत असेल, याची कल्पनाच केलेली बरी. लांद्रोच्या तळ्याचे जर्मन नाव ड्युरेनझे, म्हणजे ‘कोरडे तळे’. पाण्याची पातळी उतरली की त्याचा पांढरा तळ उघडा पडतो, आणि पाणी असते तेव्हा मागच्या क्रिस्तालो पर्वताची छाया त्यात दिसते. चिमाबांके ओलांडल्यावर जर्मन भाषेची हद्द संपून पाट्यांवर इटालियन उरते, तर कोर्तिनाच्या परिसरात लादिन ही आल्प्समधील जुनी रोमान्स भाषाही अद्याप बोलली जाते. वाटेचा सर्वांत देखणा भाग मात्र ओस्पिताले या जुन्या स्थानकानंतरचा आहे. तेथे फेलित्सोन नदीच्या खोल घळीवरचा पूल आणि बोगदे एकापाठोपाठ एक येतात, भर उन्हाळ्यातही बोगद्यातील हवा अंगाला गार लागते आणि चाकांखालच्या खडीचा कुरकुर आवाज भिंतींवर आपटून दुप्पट होतो.

‘वाहनमुक्त’ हा शब्द तरीही जपून वापरला पाहिजे. टोब्लाख ते चिमाबांके या टप्प्यात डांबरी राज्य मार्ग वाटेच्या बराच जवळून जातो, आणि सुटीच्या दिवशी त्यावरून जाणाऱ्या मोटारसायकलींचा आवाज झाडीने अडत नाही. शिवाय वाटेवरील कित्येक सायकलींना आता विजेची मोटार असते. तिच्यामुळे वयस्कर माणसेही येथे येऊ शकतात, ही तिची बाजू असली तरी पायी चालणाऱ्याला मागून निःशब्द येणारे ते धूड मोटारीइतकेच दचकवते. माथेरानमध्ये मोटारींना बंदी आहे ती नियमाने, आणि म्हणून तेथील शांतता, नियम पाळला गेला तर, सगळ्या डोंगरमाथ्याला मिळते. टोब्लाखच्या खोऱ्यातील शांतता ही एका बंद पडलेल्या रेल्वेच्या रुंदीएवढीच आहे. रेल्वे पुन्हा सुरू करावी, असा विचार अधूनमधून मांडला जातो. तो प्रत्यक्षात आल्यास सायकलस्वारांना हळहळ वाटेल, परंतु रस्त्यावरच्या मोटारी कमी करण्याचा तो अधिक खरा उपाय ठरेल, हे त्यांनाही नाकारता येणार नाही.

हिवाळ्यात ही वाट बर्फाखाली जाते आणि सपाटीवरच्या स्कीइंगसाठी राखली जाते. त्यामुळे सायकलीने जाऊ इच्छिणाऱ्याने जून ते सप्टेंबर हा काळ धरावा, टोब्लाखहून सकाळी निघावे, आणि फेलित्सोनच्या बोगद्यात शिरण्यापूर्वी काळा चष्मा काढून दिवा लावावा.