सहा चुका कोणत्या?

कच्च्या लायसन्ससाठी १५ पैकी ९ उत्तरं बरोबर आली की उमेदवार पास. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या नियम ११ ने ६० टक्क्यांची ही रेघ मारली आहे. रेघेखाली राहिलेली सहा उत्तरं कोणती, हे पुढे कुणीच विचारत नाही. उमेदवार ती तशीच घेऊन येतो आणि मोटार ट्रेनिंग स्कूलच्या गाडीत प्रशिक्षकाशेजारी बसतो. त्यामुळे त्या चुकांची चौकशी करायची तर ती स्कूलनंच करायला हवी.

सध्या बहुतेक ठिकाणी तयारी म्हणजे प्रश्नसंचाची झेरॉक्स, नाहीतर मोबाइलवरचं ॲप. पोरं हुशार असतात. सगळ्यात लांबलचक आणि सभ्य पर्याय बहुधा बरोबर असतो, हे त्यांना एका संध्याकाळीत उमगतं. मग प्रश्न वाचायची गरजच उरत नाही.

नियमानं चाचणीचे विषय चारच ठेवले आहेत: खुणा, सिग्नल आणि रस्त्याचे नियम; अपघातानंतरची चालकाची कर्तव्यं; बिनपहाऱ्याचं रेल्वे फाटक; आणि गाडीत बाळगायची कागदपत्रं. यातला फाटकाचा विषय मजेदार आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम १३१ सांगतं की गाडी थांबवावी, क्लीनरनं किंवा सोबतच्या माणसानं रुळांपर्यंत चालत जाऊन दोन्ही बाजू पाहाव्यात आणि मगच गाडी पुढे घ्यावी. सोबत कुणी नसेल तर चालकानं स्वतः उतरावं. उमेदवार हे पाठ करतो. पण ब्रॉडगेजवरची बिनपहाऱ्याची सगळी फाटकं २०१९ च्या जानेवारीअखेर बंद झाली. उमेदवाराला रोज भेटतं ते पहाऱ्याचं फाटक, आणि ते पडलेलं असताना दुचाकी तिरपी करून दांड्याखालून काढणारी मंडळी. वर्गात वेळ द्यायचा तो या फाटकाला.

खुणांचंही तसंच. नो पार्किंग आणि नो स्टॉपिंग या दोन्ही पाट्या लाल कडेच्या, निळ्या आणि गोल. एकीवर एकच तिरपी रेघ, दुसरीवर फुली. पहिल्या पाटीखाली माणूस उतरवण्यापुरतं थांबता येतं, दुसरीखाली तेही नाही. रिक्षा स्टँडजवळ नेऊन हा फरक दाखवला तर उमेदवार तो विसरत नाही. गोल चौकात आधीपासून आत असलेल्या वाहनाला प्राधान्य, हे तर कागदावर सगळ्यांचं बरोबर येतं आणि चौकात सगळ्यांचं चुकतं. इथे प्रशिक्षकांनीही स्वतःकडे पाहावं. १९८९ च्या रस्ता नियमांची जागा २०१७ मध्ये नव्या विनियमांनी घेतली. ते पूर्ण वाचलेले प्रशिक्षक किती?

जून २०२१ पासून महाराष्ट्रात आधारच्या आधारे ही चाचणी घरबसल्या देता येते. आरटीओपासून लांबच्या तालुक्यांना ही मोठी सोय झाली, यात शंका नाही. पण त्यासोबत ‘परीक्षेचं आम्ही बघून घेतो’ असं पॅकेजही आलं. उमेदवाराच्या जागी स्वतः उत्तरं देणारा स्कूलचालक सरळ फसवणूक करतो आणि वर त्याच उमेदवाराच्या हाती स्वतःची गाडी देतो. चाचणीआधीचा रस्ता सुरक्षेचा व्हिडिओसुद्धा अशा ठिकाणी कुणी न बघता चालू राहतो आणि संपतो.

खरं तर स्कूलचं लायसन्स देतानाच नियम २४ नं स्कूलकडे फळा, खुणांचे तक्ते, पोलिसांच्या हातवाऱ्यांचा तक्ता, प्रथमोपचार पेटी, इतकंच काय, ग्रंथालयही मागितलं आहे. एका गाळ्यातल्या स्कूलकडून ग्रंथालयाची अपेक्षा जरा जास्तच. मात्र आरटीओच्या तपासणीपुरता भिंतीवर लावलेला खुणांचा तक्ता रोज वापरायला पैसे पडत नाहीत.

चाचणीआधी स्कूलमध्येच एक सराव चाचणी घ्यावी आणि प्रत्येकाच्या चुका फॉर्म १४ च्या नोंदवहीशेजारी एका साध्या वहीत लिहाव्यात. पक्क्या लायसन्सच्या परीक्षेआधी किमान ३० दिवस जावेच लागतात. त्या दिवसांत इंजिन सुरू करण्याआधी वहीतला एक प्रश्न विचारावा. अपघातस्थळी पोलीस नसतील तर ठाण्यात किती वेळात कळवायचं? शक्य तितक्या लवकर, आणि फार तर २४ तासांत. जखमीला दवाखान्यात नेण्याचं काम कुणाचं? जमाव पेटलेला नसेल तर चालकाचंच. ही दोन उत्तरं आल्यावरच चावी फिरवू द्यावी.