नव्या गाण्याला तीन संधी द्या

कुंभार पिंपळगावसारख्या बाजारपेठेच्या गावात दहा-बारा वर्षांपूर्वी नवे गाणे मिळण्याचा एक ठरलेला पत्ता असे : मोबाइल दुरुस्तीचे दुकान. वीस-तीस रुपये दिले की दुकानदार मेमरी कार्डात गाणी भरून देई. गिऱ्हाइकाने दोन-चार नावे सांगायची, उरलेली शंभर तो आपल्या मनाने टाकी. त्यात भीमगीत असे, गवळण असे, भारूड असे, कव्वाली असे. निम्मी गाणी गिऱ्हाइकाने कधी मागितलीच नसती. पण ट्रॅक्टरवर, उसाच्या फडात, रात्री पाण्याच्या पाळीला शेतात गेल्यावर तीच कानावर पडत राहत आणि महिनाभरात त्यातली दोन-चार तोंडात बसत.

आता कार्ड भरायची गरज उरली नाही. जगातले बहुतेक संगीत खिशातल्या फोनवर आहे. तरीही तिशी-चाळिशीच्या माणसाचा फोन पाहिला तर कॉलेजच्या दिवसांतली तीच वीस-पंचवीस गाणी फिरून फिरून वाजताना दिसतात. ‘आजकालच्या गाण्यांत काही राम राहिला नाही’ हे वाक्य प्रत्येक पिढी म्हणते. दोष गाण्यांचा कमी आणि कानांच्या सवयीचा जास्त असतो, आणि ही सवय मोडता येते.

अमेरिकेत १९८९ मध्ये हॉलब्रुक आणि शिंडलर या संशोधकांनी वेगवेगळ्या वयाच्या लोकांना निरनिराळ्या दशकांतली गाणी ऐकवली. लोकांना सर्वाधिक आवडली ती स्वतः साधारण तेवीस-चोवीस वर्षांचे असताना गाजलेली गाणी. त्या वयात मैत्री, प्रेम, नोकरीची धडपड सगळे एकदम घडत असते आणि गाणे त्या आठवणींना चिकटून बसते. पुढे संसार लागतो, निवांत ऐकणे कमी होते आणि आवडीचे दार हळूहळू ओढले जाते.

ते पुन्हा उघडते कसे, याचा एक धागा माँट्रियलच्या प्रयोगात सापडतो. २०१३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात तो प्रसिद्ध झाला. १९ जणांना मेंदूच्या स्कॅनरमध्ये झोपवून त्यांनी पूर्वी न ऐकलेली गाणी ऐकवली आणि ‘हे विकत घ्यायला किती पैसे द्याल?’ असे विचारले. ज्या गाण्याला जास्त बोली लागली, ते ऐकताना मेंदूतला बक्षिसाची चाहूल घेणारा भाग अधिक सक्रिय होता. शिवाय त्या भागाचा ऐकण्याच्या केंद्राशी संवादही वाढला होता. या केंद्रात आजवर ऐकलेल्या चालींचे ठसे असतात. म्हणजे मेंदू नवे गाणे जुन्या साठ्याशी ताडून पाहतो, पुढे काय येईल याचा अंदाज बांधतो आणि अंदाज थोडा बरोबर, थोडा चुकीचा ठरला की त्याला मजा येते.

यातून दोन व्यवहारी गोष्टी निघतात. पहिली : नवे शोधताना ओळखीच्या शेजारी जावे. ज्याचा कान अभंगाला सरावला आहे, त्याला भारूड किंवा गवळण लवकर रुचेल, आणि त्या वाटेने तो एखाद्या ख्यालापर्यंतही पोहोचेल. दुसरी : एकदा ऐकून निकाल देऊ नये. रॉबर्ट झायोंक या मानसशास्त्रज्ञाने १९६८ मध्येच दाखवले होते, की निरर्थक शब्द किंवा अनोळखी चेहरेसुद्धा वारंवार समोर आले की अधिक आवडू लागतात. गाण्यालाही हे लागू पडते. अर्थात अति झाले की कंटाळा येतो. पण आपण बहुतेक वेळा अतिपर्यंत पोहोचतच नाही, पहिल्या अर्ध्या मिनिटात बोट पुढे सरकवतो. एका दिवशी एकदा असे तीन दिवस ऐकावे, मग ‘नको’ म्हणावे.

मग फोन सुचवतोच की नवी गाणी, असे कोणी म्हणेल. अडचण अशी, की यंत्राचा कौल मोठ्या प्रमाणात गर्दीच्या मागे जातो. २००६ मध्ये ‘सायन्स’मध्येच आलेल्या एका प्रयोगात १४ हजारांहून अधिक लोकांना अनोळखी बँडची ४८ गाणी दिली होती. काहींना फक्त गाणी दिसत होती, तर काहींना इतरांनी ती किती वेळा उतरवून घेतली हा आकडाही दिसत होता. ज्यांना आकडा दिसला, त्यांच्यात थोडी गाणी भरमसाट गाजली आणि बाकीची मागे पडली. या लोकांचे आठ गट होते आणि कोणती गाणी गाजली हे गटागणिक बदलले. फार चांगले गाणे क्वचितच आपटले, फार वाईट क्वचितच गाजले. पण मधल्या सगळ्यांचे भवितव्य बरेचसे योगायोगावर ठरले. तेव्हा ‘लाखो लोकांनी पाहिले’ याचा अर्थ ‘माझ्यासाठी चांगले’ असा होत नाही.

फोन निरुपयोगी आहे असे नाही. छत्रपती संभाजीनगरच्या कडूबाई खरात एकतारीवर भीमगीते गात. मोबाइलवर टिपलेल्या त्यांच्या चित्रफिती लोकांनी एकमेकांना पाठवल्या आणि महाराष्ट्राला एक आवाज मिळाला. ‘हे ऐक’ असे म्हणून पाठवणारा माणूस त्यामागे होता. कार्ड भरून देणाऱ्या दुकानदाराचे काम तेच होते.

या परिसरात अशी माणसे आणि ठिकाणे आजही आहेत. अखंड हरिनाम सप्ताहात रोज रात्री नवा कीर्तनकार येतो, सोबत गायक आणि मृदंगवादक येतात. आठ दिवसांत इतके गळे एका मांडवाखाली ऐकायला कुठे मिळतील? गोदावरी ओलांडली की माजलगाव तालुका लागतो. तिथल्या बायकांनी जात्यावर गायलेल्या ओव्या १९९०च्या दशकात ध्वनिमुद्रित झाल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी सुरू केलेल्या त्या प्रकल्पात महाराष्ट्रभरातून एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या आणि आज ‘पारी’च्या संकेतस्थळावर त्यातल्या कितीतरी फुकट ऐकता येतात. आजीच्या चालीशी त्या ताडून पाहणे हाही नव्या संगीताचाच शोध आहे. अशी गाणी ऐकणारे उरले नाहीत, तर गाणारेही उरणार नाहीत.

एक पथ्य मात्र पाळायलाच हवे. प्रौढांनी आठवड्याला ४० तासांपर्यंत ८० डेसिबल, मुलांनी ७५ डेसिबल, ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे. आवाज तीन डेसिबलने वाढला की सुरक्षित वेळ निम्मी होते. ९० डेसिबलला आठवड्याचे चारच तास मिळतात आणि १०० डेसिबलला वीस मिनिटांच्या आसपास. वरातीतल्या डीजेच्या भिंतीसमोर हा कोटा एका संध्याकाळीच संपतो. अंतर्कर्णातल्या केसपेशी एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत आणि अशा कानाला नवे काय, जुने गाणेही नीट ऐकू येत नाही.

नवे संगीत ऐकल्याने विसरभोळेपणा टळतो, असे सिद्ध झालेले नाही, तेव्हा त्याला औषध म्हणू नये. पण आठवड्याला एक अनोळखी गाणे, बेताच्या आवाजात, तीन वेळा. आणि ते यंत्राने नव्हे तर एखाद्या माणसाने सुचवलेले, एवढे कोणालाही जमेल. सुरुवात घरातूनच करावी. लेकीला विचारावे, ‘तू काय ऐकतेस?’ आणि आजीला विचारावे, ‘तू काय गायचीस?’ दोघींकडूनही न ऐकलेले काहीतरी मिळेल.