लाटणे कोणाच्या हाती?



काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या वस्तीत जयंतीनिमित्त मुलांनी एक नाटुकले बसविले होते. नवरा रात्री उशिरा झिंगत घरी येतो, दारात बायको लाटणे उगारून उभी, आणि मग सगळ्या घरभर पळापळ. नवरा बाजेखाली, बायको बाजेवर. मंडपात हसून हसून लोकांच्या डोळ्यांत पाणी आले. परीक्षक म्हणून आम्ही बसलो होतो. पहिले बक्षीस आम्ही त्याच नाटुकल्याला दिले व वहीत सही केली.

कार्यक्रम संपला, खुर्च्या गोळा होऊ लागल्या. तेवढ्यात वस्तीतीलच एक भगिनी जवळ आली. पदर एका बाजूने गालावर ओढलेला. हळूच म्हणाली, "भाऊ, नाटक झ्याक झालं. पर आमच्या घरात लाटणं कुणाच्या हातात असतंय, ते बी एकदा दावायला सांगा की पोरांस्नी."

आम्हाला उत्तर सुचले नाही. पदराखाली काय आहे हे विचारण्याचे धैर्यही झाले नाही. म्हणून आज या लाटण्याविषयीच थोडे बोलू.

लाटणेवाली बायको ही विनोदाच्या बाजारातील फार जुनी मालमत्ता आहे. दिवाळी अंकातील व्यंगचित्रे, मासिकांतील चुटके, सिनेमातील प्रसंग, सगळीकडे ती भेटते. आता ती मोबाईलवरही येऊन बसली आहे. आमच्या कचेरीत डबा खाण्याच्या सुट्टीत एखादा तरी सहकारी असा विनोद वाचून दाखवतोच. ज्यांचे डबे पहाटे उठून त्याच लाटण्याने तयार झाले, तेच डबे उघडून आम्ही हसत असतो!

हा विनोद फक्त आपल्याकडचा नाही. अमेरिकेत जॉर्ज मॅकमॅनस नावाच्या चित्रकाराने १९१३ साली एक चित्रमालिका सुरू केली. तिच्यातील नवरा मूळचा मजूर, अचानक पैसेवाला झालेला. बायकोला आता बड्या लोकांत मिरवायचे आहे, तर याला जुन्या मजूर मित्रांबरोबर बसून साधे जेवण जेवायचे आहे. तो गुपचूप निसटतो आणि परत आला की लाटणे! ही मालिका २००० सालापर्यंत चालली. इंग्लंडमध्ये १९५७ साली रेग स्माइथ यांचा 'अँडी कॅप' आला. बिनकामाचा, पिणारा नवरा आणि राबणारी बायको. सुरुवातीच्या चित्रांत हा अँडी बायकोला मारत असे आणि तेही विनोद म्हणूनच छापले जाई. पुढे ते मागे पडले. बायकोच्या हातातील लाटणे मात्र वाचकांच्या डोक्यात पक्के बसले. आपल्या मुलांचे लाडके 'चाचा चौधरी' हे प्राण यांचे पात्र. त्यातील बिनी चाचीच्या हातातही बेलन आहेच.

विचार करण्यासारखी गोष्ट अशी की, हे लाटणे आपल्या घरात आले कधी? आमच्या लहानपणी आईच्या चुलीपाशी काठवट होती, तवा होता, उलथणे होते, फुंकणी होती. लाटणे असेलच असे नाही. भाकरी हाताने थापतात, ती लाटत नाहीत. गव्हाची चपाती सणाला किंवा पाहुणा आला तर. रोज लाटणे लागायचे ते रोज गहू परवडणाऱ्यांच्या घरी. म्हणजे हा विनोद मुळात दुसऱ्यांच्या स्वयंपाकघरात शिजला. आपण शिकलो, नोकरीला लागलो, रेशनचा गहू घरात आला, लाटणे आले आणि त्याच्या मागोमाग तो विनोदही आला. आपल्या घरात फुंकणी उगारली जायची खरी, पण ती बहुधा आईच्याच पाठीवर पडायची. त्यावर कोणी चित्र काढले नाही.

आम्ही कॉमर्सचे, त्यामुळे जमा-खर्च मांडून बघायची सवय. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) १८ ते ४९ वयाच्या लग्न झालेल्या स्त्रियांना विचारण्यात आले. शंभरात सुमारे २९ जणींनी नवऱ्याकडून शारीरिक वा लैंगिक अत्याचार झाल्याचे सांगितले. आपल्या महाराष्ट्रात हे प्रमाण साधारण चारात एक. आणि नवरा मारत नसताना आपण होऊन त्याच्यावर हात उगारला असे सांगणाऱ्या? शंभरात चारेक. न सांगणाऱ्या किती असतील ते वेगळेच. म्हणजे विनोदाच्या वहीत जी बाजू जमेला दाखवली आहे, ती प्रत्यक्षात खर्चाची आहे. लाटणेवाली बायको आपल्याला हसवते, कारण ती क्वचितच दिसते. रोज दिसणाऱ्या गोष्टीला कोण हसतो? आणि या हसण्याचा एक फायदा मारणाऱ्याला मिळतो. "आमच्याकडे तर हिचंच राज्य आहे," असे चारचौघांत म्हणून तो मोकळा होतो.

आपण कोल्हापूरकरांनी तर हे विसरूच नये. राजर्षी शाहू महाराजांनी १९१९ साली या संस्थानात स्त्रियांना क्रूरपणे वागविण्याविरुद्ध कायदा केला. घरातली मारहाण ही घरातली बाब नाही, ती सरकारदरबारी गुन्हा आहे, हे या मातीत शंभर वर्षांपूर्वी सांगितले गेले. देशाच्या दंडसंहितेत ४९८-अ हे कलम यायला १९८३ साल उजाडावे लागले. १ जुलै २०२४ पासून ती तरतूद भारतीय न्याय संहितेच्या ८५ व्या कलमात आहे.

बाबासाहेबांनी १९२७ साली महाडला स्त्रियांना जो उपदेश केला, त्यात एक गोष्ट स्वयंपाकघराचीच होती. नवरा किंवा मुलगा दारू पिऊन आला तर त्याला जेवायला वाढू नका, असे त्यांनी सांगितले. आमच्या मते चुटक्यातील बायको आणि ही बायको यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. चुटक्यातील बायको डोक्यात लाटणे घालते आणि सकाळी पुन्हा मुकाट्याने चपात्या लाटायला बसते. घरातले काही बदलत नाही, म्हणून तर पुढच्या आठवड्यात पुन्हा तोच विनोद चालतो. बाबासाहेबांनी सांगितलेली बायको हात उगारत नाही. ती भाकरीच थांबवते. अशा नवऱ्याला हसायला वेळ मिळत नाही, विचार करावा लागतो.

लाटणे खरोखर हत्यार झाले ते एकदाच, आणि तेव्हा ते कोणाच्याही डोक्यात पडले नाही. १९७२ चा दुष्काळ आमच्या पिढीच्या आई-वडिलांनी भोगला. धान्य, तेल, साखर, रॉकेल, सगळ्यांचीच टंचाई आणि महागाई. त्या वेळी मुंबईत महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी राहिली. मृणाल गोरे समाजवादी, अहिल्या रांगणेकर कम्युनिस्ट, पण भाकरीच्या प्रश्नावर दोघी एकत्र. हजारो बाया हातात लाटणे घेऊन, थाळ्या वाजवीत रस्त्यावर आल्या. हाच तो लाटणे मोर्चा. ज्या बायांना घराबाहेर कोणी विचारत नव्हते, त्यांनी मंत्र्यांना जाब विचारला. मृणालताई आणि अहिल्याताई, दोघीही १९७७ साली लोकसभेवर निवडून गेल्या. चुटक्यातील लाटणे नवऱ्यावर उगारलेले असते. मोर्चातील लाटणे सरकारकडे बोट दाखवीत होते.

आणि लाटणे पोटही भरते. १९५९ साली गिरगावात सात बायांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, तिथून 'लिज्जत' उभे राहिले. गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या भगिनींची सावकाराच्या तावडीतून सुटका व्हावी म्हणून प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढले. आपल्या कोल्हापुरातही पोळी-भाजी केंद्रांत आणि लोकांच्या घरी जाऊन चपात्या लाटून मुलांच्या फिया भरणाऱ्या कितीतरी आया-बहिणी आहेत. त्यांच्या मनगटाची दुखणी कोणत्या चुटक्यात येतात?

म्हणजे आपण हसूच नये काय? तसे आम्ही म्हणत नाही. शि. द. फडणीस यांचा जन्म १९२५ साली आपल्या सीमाभागातील भोज गावचा, शालेय शिक्षण कोल्हापुरात. त्यांच्या एका गाजलेल्या मुखपृष्ठावर तरुण आणि शेजारची तरुणी यांच्या कपड्यांवर उंदीर-मांजरांची नक्षी आहे. एक शब्द नाही, एक फटका नाही, आणि दोघेही आपल्याबरोबर हसतील असा विनोद. हसावे ते असे.

आता त्या भगिनीचे सांगतो. आठ दिवसांनी आम्ही सपत्नीक तिच्या घरी गेलो. तिचा नवरा आम्ही ओळखला. त्या रात्री मंडपात सर्वांत मोठ्याने हसणाऱ्यांत तो होता. "अहो साहेब, नवरा-बायकोचं चालायचंच," म्हणाला. वचन दिले, मोडले. पुन्हा दिले, पुन्हा मोडले. शेवटी ती स्वतःच उठली आणि २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्यांकडे गेली. या कायद्याने मार खाणारीला घराबाहेर पडावे लागत नाही, त्याच घरात राहण्याचा तिला हक्क मिळतो, हे पुष्कळ भगिनींना अजून ठाऊक नाही. १८१ या महिला हेल्पलाईनचा नंबर चुलीजवळच्या भिंतीवर लिहून ठेवावा. आज ती त्याच घरात आहे. सारे सुरळीत झाले असे नाही, पण गालावर पदर ओढून घेत नाही.

आमच्या पुरुष वाचकांना एकच विनंती. पुढच्या वेळी लाटण्याचा विनोद आला की हसण्याआधी आपल्या घरातील लाटणे एकदा हातात घेऊन पाहावे आणि दहा चपात्या लाटाव्यात. आम्ही रविवारी लाटतो. अजून गोल होत नाहीत, मुलगी नावे ठेवते, पण खाते.

आणि जयंती मंडळाच्या तरुणांनो, नाटुकली जरूर बसवा, लोकांना हसवा. पण त्या भगिनीने सांगितलेले नाटक अजून कोणी बसवलेले नाही. बक्षिसांच्या वहीत आमची ती सही तशीच आहे. तिच्याखाली दुसरी सही करण्याची आम्ही वाट पाहत आहोत.