झेंडा चढला, घराचे काय?

दरवर्षी १२ जून जवळ आला की अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को शहरात फिलिपाईन्सचा झेंडा सन्मानाने चढविला जातो. फिलिपिनो समाजाच्या वारशाचा गौरव होतो, त्यांच्या मायभूमीच्या स्वातंत्र्याच्या आठवणी जागविल्या जातात, शहराचे कारभारी भाषणे करतात. हा तोच झेंडा आहे, ज्यावर अमेरिकी सत्तेने १९०७ साली खुद्द फिलिपाईन्समध्ये कायद्याने बंदी घातली होती. ती १९१९ मध्ये उठली. बारा वर्षे स्वतःच्याच देशात जो झेंडा लावणे गुन्हा होता, तो आज गुन्हा ठरविणाऱ्यांच्या शहरात फडकतो. आम्हाला याचा आनंद आहे. पण भाषणांनी भारावून जाण्याची आमची सवय नाही.

आधी तारखेचेच पाहू. अमेरिकेने फिलिपाईन्सचे स्वातंत्र्य मान्य केले ४ जुलै १९४६ रोजी, म्हणजे स्वतःच्या स्वातंत्र्यदिनाचा मुहूर्त साधून! जणू काही वाढदिवसाची मिठाई शेजाऱ्याला वाटली. फिलिपिनो जनतेने मात्र १२ जून १८९८ रोजीच काविते प्रांतातील काविट येथे एमिलिओ आगिनाल्दो यांच्या नेतृत्वाखाली स्पेनचे जोखड झुगारल्याची घोषणा केली होती. त्याच वर्षी डिसेंबरात पॅरिसला तह झाला आणि स्पेनने हा देश दोन कोटी डॉलर्स घेऊन अमेरिकेच्या हवाली केला. ज्यांचा देश होता, त्यांना त्या मेजावर खुर्ची नव्हती. पुढे १८९९ मध्ये युद्ध पेटले. लढाई, दुष्काळ आणि रोगराई यांत दोन लाखांच्या आसपास सामान्य माणसे मेली असा अंदाज आहे. १९६२ साली राष्ट्राध्यक्ष दिओस्दादो माकापागाल यांनी स्वातंत्र्यदिन ४ जुलैवरून १२ जूनवर आणला. त्याच सुमारास अमेरिकी प्रतिनिधिगृहाने फिलिपाईन्सच्या युद्ध नुकसानभरपाईचे विधेयक फेटाळले होते, हेही लक्षात ठेवावे. स्वातंत्र्य कोणी दिलेले नाही, आम्ही ते घेतले होते, असे या तारखेचे सांगणे आहे. म्हणून अमेरिकेतले एखादे शहर १२ जून पाळते, तेव्हा त्याला कळो वा न कळो, ते एक कबुलीजबाब देत असते.

आणि शहर तरी कोणते? १८९८ मध्ये मनिलाकडे निघालेल्या अमेरिकी फौजांचा तळ याच शहरातील प्रेसिडिओ येथे होता. मनिलाच्या उपसागरात आरमारी विजय मिळविणाऱ्या ड्यूई यांचा स्तंभ आजही युनियन स्क्वेअरच्या मधोमध उभा आहे. १९०३ साली राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी त्याचे लोकार्पण केले. तेथून थोड्याच अंतरावर, मार्केट स्ट्रीटच्या दक्षिणेकडील वस्तीत, रिझाल, बोनिफासिओ, माबिनी आणि लापू-लापू यांच्या नावांचे छोटे रस्ते आहेत. जेत्याला भर चौक आणि लढणाऱ्यांना गल्ल्या! नावाची किंमत आम्ही जाणतो, म्हणून या गल्ल्यांना आम्ही क्षुल्लक म्हणणार नाही.

ज्यांच्या वारशाचा गौरव होतो ते लोक कोण होते? १९२० नंतरच्या दशकांत कॅलिफोर्नियाच्या शेतांत वाकून भाजी काढणारे, अलास्कात मासळीच्या कारखान्यांत राबणारे तरुण. ते अमेरिकेच्या अमलाखालचे, पण नागरिक नव्हेत. स्टॉकटनसारख्या गावी हॉटेलांच्या दारांवर ‘फिलिपिनोंना मज्जाव’ असे फलक असत. ते वाचून आमच्या वाचकांना काय आठवेल, हे सांगायला नको. १९३० मध्ये वॉटसनव्हिल येथे गोऱ्यांच्या जमावाने त्यांच्यावर हल्ले केले, त्यात एका तरुण मजुराचा गोळी लागून बळी गेला. १९३३ मध्ये कॅलिफोर्नियाने त्यांना गोऱ्या स्त्रीशी विवाह करण्यास बंदी केली. १९३४ च्या कायद्याने वर्षाला फक्त ५० जणांना प्रवेश ठेवला. नागरिकत्वाचा हक्क मिळाला २ जुलै १९४६ रोजी, आणि तो ज्या कायद्याने मिळाला त्याच कायद्याने भारतीयांनाही मिळाला. दोघांनाही प्रवेश वर्षाला शंभर शंभर माणसांचा. अमेरिकेत स्थिरावलेल्या आपल्या बांधवांनी हे नाते विसरू नये.

लग्न करता आले नाही म्हणून एकटेच म्हातारे झालेले हे मजूर. त्यांच्या समाजात त्यांना ‘मानोंग’ म्हणत, म्हणजे थोरले दादा. १९६५ साली डेलानोच्या द्राक्षमळ्यांत संप पुकारला तो लॅरी इतलियाँग यांच्या नेतृत्वाखाली याच मानोंगांनी. सीझर चावेझ आणि त्यांचे मेक्सिकन सहकारी आठवड्याभराने आले, पण जगाच्या स्मरणात नाव राहिले चावेझ यांचेच. कॅलिफोर्नियाने इतलियाँग यांच्या नावाचा दिवस २०१५ मध्ये, म्हणजे पन्नास वर्षांनी जाहीर केला.

सॅन फ्रान्सिस्कोत केअर्नी स्ट्रीटवर ‘मनिलाटाऊन’ होते. शेजारचा बँका-कचेऱ्यांचा भाग वाढत गेला आणि मनिलाटाऊन गिळत गेला. शेवटी उरले इंटरनॅशनल हॉटेल, स्वस्त खोल्यांचे, वृद्ध भाडेकरूंचे. ४ ऑगस्ट १९७७ च्या पहाटे घोडेस्वार पोलीस आले. दारात हजारोंची मानवी साखळी उभी होती. बेदखलीचा हुकूम बजावण्यास आधी नकार देऊन शहराचा शेरीफ काही दिवस तुरुंगात राहून आला होता; त्या पहाटे दारे फोडायला तोच आला. म्हाताऱ्यांना रस्त्यावर काढले, दोन वर्षांत इमारत पाडली आणि ती जागा वीस वर्षांहून अधिक काळ रिकामी पडून राहिली. एवढी घाई होती तर बांधायचे काय होते, हा प्रश्न तेव्हाही लोकांनी विचारला.

२०१६ मध्ये मार्केट स्ट्रीटच्या दक्षिणेकडील वस्ती फिलिपिनो सांस्कृतिक परिसर म्हणून शहराने जाहीर केली. चांगले झाले. परंतु याच वस्तीचे घरभाडे संगणक कंपन्यांच्या पैशाने आभाळाला भिडले आहे. कंपन्यांच्या पगारदाराला परवडणारी खोली रुग्णालयातल्या सेविकेला आणि हॉटेलातल्या सफाई कामगाराला कशी परवडावी? दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या झेंड्याखाली लढलेले फिलिपिनो सैनिकही म्हातारपणी या शहरात आले. १९४६ च्या कायद्याने त्यांचे हक्काचे लाभ हिरावले गेले होते. २००९ मध्ये एकरकमी भरपाई ठरली तेव्हा नागरिकांना १५,००० आणि इतरांना ९,००० डॉलर्स. तोवर त्यांतले बहुतेक गेले होते.

इंटरनॅशनल हॉटेलच्या जागी २००५ साली नवी इमारत उभी राहिली. तिच्यात अल्प उत्पन्नाच्या वृद्धांसाठी १०४ घरे आहेत. ती कोणा कारभाऱ्याच्या भाषणातून आली नाहीत; अठ्ठावीस वर्षे त्या रिकाम्या खड्ड्यावरचा हक्क न सोडणाऱ्यांनी ती मिळविली. झेंड्याच्या दोरीला हात लावणाऱ्या महापौरांना आमचा एवढाच प्रश्न आहे, अशी आणखी किती घरे यंदाच्या अंदाजपत्रकात आहेत?