सोंगाला पैसा आहे, सिनेमाला नाही

मराठी चित्रपटाचा विचार करणाऱ्या विद्वज्जनांनी आपल्या मनाशी एक प्रतवारी कायम करून ठेवलेली आहे. तिच्यात ‘संत तुकाराम’ आणि ‘श्यामची आई’ यांना अग्रपूजेचा मान, सामाजिक प्रश्नांना हात घालणाऱ्या चित्रपटांना त्याखालचे आसन, आणि ज्यांनी जत्रेतल्या तंबूंत, तालुक्याच्या थिएटरांत व पुढे दूरदर्शनच्या पडद्यावर माणसांना पोट धरून हसवले त्या चित्रपटांना मात्र उंबऱ्याबाहेर जागा, असा शिरस्ता आहे. महेश कोठारे यांनी दिग्दर्शित केलेला पहिला चित्रपट, १९८५ सालचा ‘धूमधडाका’, हा असाच उंबऱ्याबाहेर राहिलेला. तो हास्यप्रधान आहे, त्यात प्रेमाच्या भानगडी आहेत आणि त्याची कथा उसनवारीची आहे, हे तिन्ही आक्षेप मला विनातक्रार मान्य आहेत; तथापि चित्रपट काढण्याच्या उद्योगाची इतकी नेमकी थट्टा मराठीत क्वचितच कोणी केली असेल, हे मत मी येथे रुजू करू इच्छितो.

कथानकाचा तपशील बहुतेकांना ठाऊक असल्यामुळे तो थोडक्यात उरकतो. धनाजीराव वाकडे नावाचे एक धनाढ्य गृहस्थ आहेत. ती भूमिका शरद तळवलकरांनी केली आहे. त्यांच्या लेकीवर महेश कोठारे यांचा नायक अनुरक्त आहे, पण त्याच्या पदरी संपत्ती नसल्याने तो आपल्या मित्राला कोट्यधीश बापाचे सोंग घ्यायला लावतो, आणि मग अशोक सराफ हातात पाइप, छातीत खोकला व जिभेवर कोट्यवधींची भाषा घेऊन उद्योगपती यदुनाथ जवळकर या नावाने धनाजीरावांच्या दिवाणखान्यात अवतीर्ण होतात. याच घरात धनाजीरावांचे चिरंजीव राहतात. ही भूमिका लक्ष्मीकांत बेर्डे यांची. या चिरंजिवांच्या डोक्यात एकच वेड आहे: आपल्याला सिनेमा काढायचा आहे, आणि त्यासाठी लागणारा पैसा तीर्थरूपांच्या तिजोरीत आहे. त्यांची नायिका म्हणजे प्रेमा किरण यांची ठसकेबाज अंबाक्का.

आता चित्रपट काढण्याची थट्टा करायची तर सामान्यतः लेखक स्टुडिओत शिरतो. तिथला आरडाओरडा, नायिकेचे रुसवे, दिग्दर्शकाची टोपी आणि भोंगा, कोसळणारे पडदे, यांची त्याला भुरळ पडते. हॉलिवूडने ‘सिंगिंग इन द रेन’मध्ये १९५२ साली मूकपटातून बोलपटात जाणाऱ्या मंडळींची जी मौज केली तीही मुख्यतः स्टुडिओच्या भिंतींच्या आतलीच. ‘धूमधडाका’चा विनोद त्याच्याही अलीकडे, जिथे चित्रपट अद्याप कोणाच्या तरी डोक्यातच आहे आणि पैसा दुसऱ्याच्याच खिशात आहे, त्या जागी उभा राहतो, आणि माझ्या मते उद्योगाची खरी नाडी तिथेच सापडते. आमच्या विंचूर-लासलगावच्या पट्ट्यातील माणसाला हे समजावून सांगण्याची गरज पडू नये. कांदा शेतात उभा असताना व्यापाऱ्याकडे उचल मागायला जाणारा शेतकरी काय करतो, तर जे अजून हाती आलेले नाही त्याचे वर्णन करतो. परंतु त्याच्यापाशी निदान सातबाऱ्याचा उतारा असतो, सोसायटीचा खाते क्रमांक असतो, जामीन राहणारा भाऊबंद असतो, आणि सावकाराला बांधावर नेऊन दाखवता येईल अशी हिरवी पात असते. सिनेमा काढू इच्छिणाऱ्यापाशी दाखवायला हातवारे आणि आवाज यांच्याखेरीज काही नसते. तारण शून्य, वर्णन मात्र भरघोस! म्हणूनच चित्रपटाच्या धंद्यात पटकथा लिहिण्याइतकीच ती धनकोसमोर सांगण्याची विद्या महत्त्वाची ठरते, आणि ज्याला सांगता येत नाही त्याचा चित्रपट कितीही थोर असला तरी वहीतच राहतो.

परंतु खरी गंमत पुढे आहे, आणि ती बहुतेक प्रेक्षकांच्या ध्यानात येऊनही टीकाकारांच्या ध्यानात आलेली दिसत नाही. धनाजीराव नाटक-सिनेमावर एक पैसा खर्चायला राजी नाहीत. पोराचा तो नाद म्हणजे त्यांच्या लेखी कुळाचा नाश. आणि त्याच वेळी त्याच घरात, त्यांच्याच खर्चाने, त्यांच्याच सोफ्यावर एक पुरा वेशभूषायुक्त नाट्यप्रयोग चाललेला असतो, ज्यात एक निर्धन माणूस रंगवलेले केस आणि घोगरा आवाज यांच्या बळावर कोट्यधीश ठरतो, आणि धनाजीराव त्या प्रयोगाला केवळ टाळ्या देऊन थांबत नाहीत, तर आपली मुलगी द्यायला सिद्ध होतात. स्वतःचा मुलगा ‘मला सिनेमा काढायचा आहे’ असे प्रामाणिकपणे सांगतो म्हणून त्याला नकार, आणि परका माणूस सोंग हे सोंग आहे असे न सांगता आणतो म्हणून त्याला पाटावर बसवून मिष्टान्न! अभिनयाला पैसा मिळत नाही असे नाही. फक्त त्याने आपले नाव लपवून यावे लागते. पतपेढ्या बुडवणारे, जमिनीच्या योजना विकणारे, साखळी-गुंतवणुकीचे एजंट यांच्या दिवाणखान्यातील प्रयोगांना आपल्याकडे जेवढे भांडवल मिळाले, तेवढे कोणत्याही मराठी निर्मात्याला स्वप्नातही मिळालेले नसेल, आणि त्यांतील कित्येकांचा खोकलासुद्धा सराफांच्या खोकल्यापुढे अगदीच कच्चा होता.

उसनवारीच्या आक्षेपाविषयी दोन शब्द. ही कथा मूळची मद्रासची. श्रीधर यांनी १९६४ साली ‘कादलिक्क नेरमिल्लै’ हा तमिळ चित्रपट काढला आणि त्यात नागेश यांनी सिनेमावेड्या पुत्राची भूमिका केली. दोन वर्षांनी श्रीधर यांनीच ‘प्यार किये जा’ या नावाने तो हिंदीत आणला, तेव्हा तो मुलगा मेहमूद झाले आणि बाप ओमप्रकाश. मुलगा बापाला आपल्या नियोजित भयपटाची कथा तोंडाने वारा, दारे, पावले यांचे आवाज काढून ऐकवतो आणि पैसे न देण्याचा निर्धार करून बसलेला बाप हळूहळू घामाघूम होत जातो, हा तिथला प्रसंग हिंदी विनोदाच्या उत्कृष्ट नमुन्यांत गणला जातो. त्या भूमिकेबद्दल मेहमूद यांना फिल्मफेअरचा पुरस्कारही मिळाला. त्या कथेने महाराष्ट्रात येताना भाषा, कपडे आणि शिव्या बदलल्या, सांगाडा तोच ठेवला. पण चित्रपटांची नक्कल करून चित्रपट काढू पाहणाऱ्या पोराची कथा स्वतःच नक्कल म्हणून गावोगाव फिरावी, यात मला दोष न दिसता औचित्यच दिसते. शिवाय नक्कल करणाऱ्या नटांनी नक्कल केली नाही. बेर्डे यांचा लक्ष्या हा नागेश किंवा मेहमूद यांचा धाकटा भाऊ नव्हे. त्याच्या अंगात ‘टूरटूर’सारख्या रंगभूमीवरील धावपळीची लय आहे, आणि तळवलकरांचा बाप तर पुण्याच्या कोणत्याही पेठेत आढळावा असा अस्सल आहे.

आपल्या चित्रपटाने स्वतःच्या जातभाईंना चिमटे काढण्याची ही पहिलीच वेळ नव्हती. ‘प्रभात’च्या १९३९ सालच्या ‘माणूस’मध्ये व्ही. शांताराम यांनी हवालदार आणि मैना यांच्या करुण कथेच्या मध्येच एका चित्रीकरणाचा देखावा घालून ‘बॉम्बे टॉकीज’च्या बागेतल्या गोड-गोड प्रणयाची जी खिल्ली उडवली, ती आजही ताजी वाटते. पण ती एका कंपनीने दुसऱ्या कंपनीची केलेली चेष्टा होती. तीत थोडा व्यापारी मत्सरही असावा. ‘धूमधडाका’ची थट्टा मात्र साऱ्या धंद्याचीच आहे.

आमच्या नाशिक जिल्ह्यापुरते बोलायचे तर सिनेमावेड्या माणसाची सर्वांत मोठी हकीकत इथलीच आहे. त्र्यंबकेश्वरी ३० एप्रिल १८७० रोजी जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके यांच्याकडे आज आपण पुतळा, टपाल तिकीट आणि पुरस्कार यांच्या आडून पाहतो, म्हणून त्यांच्या आयुष्यातील लक्ष्या आपल्याला दिसत नाही. बारा हजारांच्या विमा पॉलिसी गहाण टाकून दहा हजार रुपये उभे करणारा, ते घेऊन १९१२ च्या फेब्रुवारीत लंडनला जाणारा आणि कॅमेरा घेऊन परतणारा हा चाळिशी उलटलेला गृहस्थ शेजाऱ्यापाजाऱ्यांना कसा दिसला असेल याची कल्पना करावी. परत आल्यावर त्यांनी काय केले, तर कुंडीत वाटाणा पेरला, महिनाभर त्याची रोज थोडी थोडी छायाचित्रे घेतली, आणि पडद्यावर तो कोंब क्षणार्धात वर येताना दाखवून धनिकाचे मन वळवले. वर म्हटले की सिनेमावाल्यापाशी दाखवायला हिरवी पात नसते. फाळक्यांनी ती पातसुद्धा सिनेमानेच उगवून दाखवली. तेवढ्याने भागले नाही म्हणून पत्नी सरस्वतीबाईंचे दागिने होतेच. चित्रपटात काम करणे हे लाजिरवाणे मानले जाई, म्हणून आपल्या माणसांना त्यांनी ‘हरिश्चंद्राच्या कारखान्यात नोकरीला आहोत’ असे लोकांना सांगायला शिकवले. ‘राजा हरिश्चंद्र’मधल्या तारामतीसाठी बाई मिळेना तेव्हा उपाहारगृहात आचाऱ्याचे काम करणाऱ्या अण्णा साळुंके यांना त्यांनी लुगडे नेसवले. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला, त्याच वर्षी बिऱ्हाड आणि कारखाना नाशकात आला, आणि १९१७ साली फाळक्यांनी ‘चित्रपट कसे तयार करतात’ नावाचा एक छोटा चित्रपट काढून स्वतःलाच कामात गढलेले दाखवले. पुढे १९१८ साली हिंदुस्थान फिल्म कंपनी निघाली, भांडवलदार भागीदार आले, आणि त्यांच्याशी तंटा होऊन हा माणूस सारे सोडून काशीला गेला व तिथे ‘रंगभूमी’ हे नाट्यव्यवसायावरच कोरडे ओढणारे नाटक लिहीत बसला. धनाजीरावांसारख्यांच्या तिजोऱ्यांशी ज्याचा आयुष्यभर झगडा झाला, तो मनुष्य १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशकात विपन्नावस्थेत वारला.

या चरित्राकडे हसत पाहण्याचे धैर्य परेश मोकाशी यांनी २००९ च्या ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’त दाखवले. नंदू माधव यांचे फाळके आणि विभावरी देशपांडे यांच्या सरस्वतीबाई यांच्यात भांडणतंटा, रुसणे-मनवणे नाही. घरातील भांडीकुंडी विकली जात असताना दोघांच्या डोळ्यांत एकाच खोडीचा आनंद असतो, आणि त्या अर्थाने ती मराठीतील एक अत्यंत निर्मळ प्रेमकथाही आहे. काहींना ती हलकीफुलकी मांडणी थोर पुरुषाला न शोभणारी वाटली. मला ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ आणि ‘धूमधडाका’ हे दोन चित्रपट एकाच माणसाची दोन बाजूंनी घेतलेली छायाचित्रे वाटतात: एकात तो यशस्वी होणार हे प्रेक्षकाला आधीच ठाऊक आहे, म्हणून त्याच्या वेडाला दूरदृष्टी म्हणायचे, दुसऱ्यात ते ठाऊक नाही, म्हणून त्याच दूरदृष्टीला वेड म्हणून हसायचे. आपल्या आळीत आज मोबाइलवर लघुपट काढत हिंडणारी जी पोरे आहेत, ती कोणत्या छायाचित्रातली हे सांगण्याचा अधिकार निदान त्यांच्या बापांना तरी नसावा. धनाजीरावांची पारख आपण पाहिलेली आहे.

तेव्हा एक दरखास्त मांडतो. दर वर्षी ३० एप्रिलला हार आणि भाषणे यांनी फाळक्यांची जयंती साजरी होते; या खेपेस पांडवलेण्यांच्या पायथ्याच्या स्मारकात भाषणांची संख्या एकावर आणून उरलेल्या वेळात हे दोन्ही चित्रपट पाठोपाठ दाखवावेत, निफाड, येवला, चांदवड इकडच्या शाळा-महाविद्यालयांतील मुलांना एस.टी.ने आणावे, आणि जिल्ह्यातील बँकांच्या शाखाधिकाऱ्यांना पहिल्या रांगेचे पास द्यावेत. ते येतील की नाही, याची हमी मी घेत नाही.