तळघर नसलेल्या गावातील तळघरे

भंडारा जिल्ह्यात तळघर असलेली घरे शोधावी लागतात. वैनगंगेच्या काठावरील या मुलखात जमीन खणली की पाणी लागते, हे इथल्या पिढ्यान्पिढ्यांना ठाऊक असल्याने घर जमिनीखाली नेण्याच्या फंदात कोणी पडले नाही. तरीही पावसाळा सरता सरता इथल्या असंख्य घरांत तळघरातच यावा तसा कुबट वास येतो. भिंतीचा खालचा दोन-तीन फुटांचा पट्टा काळवंडतो, रंगाचे पापुद्रे सुटतात, लोणा लागतो आणि ट्रंकेतले कपडे सादळतात. घरमालक दरवर्षी दिवाळीच्या तोंडावर रंग देतो आणि पुढल्या आषाढात तो रंग भिंत पुन्हा झाडून टाकते. ही तक्रार इतकी जुनी झाली आहे, की ती तक्रार वाटेनाशी झाली आहे. वास्तविक तिच्यामागे निसर्ग जितका आहे, तितकेच गेल्या काही दशकांतील सार्वजनिक निर्णयही आहेत.

पाणी आले कोठून?

तलावांचा जिल्हा अशी ओळख असलेल्या या भागात पाऊस भरपूर, शेती धानाची. बांध्यांत पावसाळाभर पाणी साचवून ठेवणे ही धानाची गरज असल्याने गावाभोवतीची जमीन चार महिने ओलीच असते. त्यात गोसीखुर्दची भर पडली. पवनी तालुक्यातील या धरणाची पायाभरणी तत्कालीन पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते २२ एप्रिल १९८८ रोजी झाली. २००९ मध्ये प्रकल्पाला राष्ट्रीय दर्जा मिळाला. धरणाची पूर्ण संचय पातळी समुद्रसपाटीपासून २४५.५ मीटर. पाणी टप्प्याटप्प्याने चढवत नेले, तसे त्याचे बॅकवॉटर भंडारा शहराच्या परिसरापर्यंत येऊन ठेपले.

सिंचनासाठी या पाण्याची गरज कोणी नाकारणार नाही. तथापि, नदीची पातळी वर्षातील बराच काळ चढती राहिली, की लगतच्या जमिनीतील पाण्याला उतरायला जागा राहत नाही. विहिरीत ते डोळ्यांना दिसते, पायात दिसत नाही. ज्यांची घरे बुडीत क्षेत्रात गेली, त्यांच्या पुनर्वसनाचा प्रश्न गाजला आणि तो गाजायलाच हवा होता. परंतु जे बुडीत रेषेच्या जरा वर राहिले, त्यांच्या घरातील ओल कोणत्याच यादीत बसली नाही.

दुसरे कारण आपल्या दारातच आहे. जुन्या वस्त्यांत रस्त्याचे काम निघाले, की आधीचा थर न उखडता त्यावरच नवा थर चढवला जातो. आधी खडीचा, मग डांबराचा, मग सिमेंट काँक्रीटचा. बांधतेवेळी रस्त्याहून दोन-अडीच फूट उंच असलेले जोते वीस-पंचवीस वर्षांत रस्त्याच्या बरोबरीला येते आणि पुढे त्याहून खाली जाते. पायऱ्या चढून ज्या घरात जायचे, त्यात आता पायरी उतरून जावे लागते. मालकाने तळघर बांधले नव्हते. नगरपालिका-ग्रामपंचायतींच्या रस्त्यांनी ते बांधून दिले. पावसाचे पाणी घराकडे वळते, नाली भिंतीच्या पायाशी झिरपते आणि दोष मात्र घराच्या जुनेपणाला दिला जातो.

ओल कोणती, हे आधी ओळखा

भिंतीतील ओलीचे मुख्य प्रकार तीन. वीट सच्छिद्र असते. पायातले पाणी तिच्या सूक्ष्म छिद्रांतून, दिव्याच्या वातीत तेल चढावे तसे वर चढते. ही चढती ओल साधारणपणे जमिनीपासून मीटरभर उंचीपर्यंत पोहोचते आणि पाणी उडून गेले की मागे क्षार ठेवते. त्यालाच आपण लोणा म्हणतो. दुसरी ओल गळतीची. फुटके कवेलू, गच्चीची भेग, न्हाणीघरातील नळ यांतून ती येते. तिचा डाग भिंतीवर कोठेही उमटतो. तिसरी ओल हवेतली. पावसाळ्यातील उष्ण-दमट हवा गार भिंतीला किंवा फरशीला लागली, की पृष्ठभागाला घाम फुटतो. विदर्भात उन्हाळ्यात बंद खोलीत चालवलेला कूलरही हाच परिणाम करतो.

उपाय प्रकारानुसार बदलत असल्याने निदान महत्त्वाचे. हातभर प्लॅस्टिकचा कागद भिंतीला चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट लावावा आणि एक-दोन दिवसांनी पाहावा. खोलीकडच्या बाजूला दव जमले असेल, तर ओल हवेतली. भिंतीकडच्या बाजूला जमले असेल, तर ती भिंतीतून येणारी.

प्रत्यक्षात मात्र निदानाआधीच उपचार होतो. खालचा पट्टा खराब दिसतो म्हणून त्यावर सिमेंटचे जाड प्लास्टर किंवा टाइल्स लावल्या जातात. वर्षभर भिंत देखणी दिसते. नंतर ओल त्या टाइल्सच्या वर, कमरेऐवजी छातीच्या उंचीला डोके काढते. कारण पाण्याची वाट बंद झालेली नसते, केवळ सुकण्याची वाट बंद झालेली असते. माती-चुन्यात बांधलेल्या जुन्या घरांच्या बाबतीत तर हा उपाय रोगापेक्षा वाईट. त्यांच्या भिंतींना चुन्याचा गिलावाच मानवतो, कारण तो ओल बाहेर जाऊ देतो.

घराभोवतीची माती जोत्याच्या खाली उतरवणे, दोन-तीन फुटांची फरसबंदी बाहेरच्या बाजूला उतार देऊन करणे, छपराचे पाणी पन्हळीने पायापासून दूर सोडणे आणि नाली पक्की करणे, हे चार उपाय आधी करावेत. रंगाचा क्रमांक त्यानंतरचा. कपाटे भिंतीपासून चार बोटे दूर ठेवावीत. धान्याच्या कोठीखाली लाकडी फळ्या द्याव्यात. पावसाळ्यात उघडीप मिळेल त्या दिवशी दारे-खिडक्या समोरासमोर उघडाव्यात. संततधारेच्या दिवसांत सगळे सताड उघडे ठेवल्याने घर सुकत नाही, उलट दमटते. बुरशी कोरड्या झाडूने झटकू नये. तिचे कण घरभर पसरतात. तोंडाला फडके बांधून ओल्या कापडाने व साबणाच्या पाण्याने ती पुसावी. ब्लीचिंग पावडर वापरायची असेल, तर ती ॲसिडबरोबर कधीही मिसळू नये. त्यातून विषारी वायू निघतो.

वास हा इशारा आहे

कुबट वास म्हणजे बुरशी वाढत असल्याची वर्दी. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये घरातील ओल व बुरशी या विषयावर स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. ओलसर घरांत राहणाऱ्यांना श्वसनाचे विकार आणि दम्याचा त्रास होण्याचा धोका अधिक असतो, असा त्यांचा निष्कर्ष आहे. लहान मुले आणि वृद्ध घरात सर्वाधिक वेळ असतात. म्हणून भोगतातही तेच. पावसाळ्यात खोकला असायचाच, अशी समजूत करून घेतलेल्या कुटुंबांनी खोकल्याबरोबर भिंतीकडेही पाहायला हवे.

पंचनाम्यात न बसणारे नुकसान

ऑगस्ट २०२० च्या अखेरीस मध्य प्रदेशात झालेली अतिवृष्टी आणि संजय सरोवरातून सोडलेले पाणी यांमुळे वैनगंगेला महापूर आला. भंडारा शहरातील अनेक वस्त्या आणि नदीकाठची गावे पाण्याखाली गेली. पूर ओसरला, गाळ उपसला, पंचनामे झाले आणि प्रशासनाच्या लेखी आपत्ती संपली. भिंतींच्या लेखी ती तेव्हा सुरू झाली होती. चिंब भिजलेली भिंत सुकायला एक इंच जाडीमागे सुमारे महिना लागतो, असा बांधकामातील ढोबळ ठोकताळा आहे. या हिशेबाने नऊ इंची भिंतीला नऊ महिने लागतात. सप्टेंबरमध्ये सुकू लागलेली भिंत मे अखेरीस कोरडी होते आणि जूनमध्ये पुन्हा पाऊस येतो. एका पुराची ओल दुसऱ्या पावसाळ्याच्या उंबरठ्यावर जेमतेम संपते.

मदतीचे निकष या वस्तुस्थितीची दखल घेत नाहीत. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या २०२२-२३ ते २०२५-२६ या कालावधीच्या केंद्रीय निकषांत सपाट प्रदेशातील पूर्णतः पडलेल्या घराला १ लाख २० हजार रुपये, अंशतः पडझड झालेल्या पक्क्या घराला ६ हजार ५०० आणि कच्च्या घराला ४ हजार रुपये ठरवण्यात आले. अंशतः नुकसान म्हणजे किमान १५ टक्के. तलाठी भेग पाहतो, कोसळलेला कोपरा मोजतो. उभी असलेली, पण आतून कुजत चाललेली भिंत कशी मोजायची, याचे उत्तर निकषांत नाही. पडलेल्या घराला मदत मिळते. पडण्याच्या वाटेवर असलेल्या घराला ते पडेपर्यंत थांबावे लागते.

करता येण्याजोगे

यातील बरेच काही मोठ्या खर्चाविना होऊ शकते. रस्त्याचे काम काढताना जुना थर उखडूनच नवा थर घालावा आणि लगतच्या घरांची जोत्याची पातळी आधी नोंदवावी, ही अट निविदेत घालता येईल. घरकुल योजनेतील प्रत्येक घराच्या जोत्यात ओलरोधक थर घातला गेला आहे काय, हे पुढचा हप्ता देण्यापूर्वी तपासता येईल. बांधतेवेळी हा खर्च किरकोळ असतो. भिंती उभ्या राहिल्यावर तेच काम कित्येक पटींनी महागते. बॅकवॉटरलगतच्या वस्त्यांतील विहिरींची पाणीपातळी धरणातील साठ्याबरोबर नियमित नोंदवली, तर ओलीचे कारण धरण आहे की नाली, हा वाद अंदाजाने नव्हे, आकड्यांनी मिटेल. आणि पुरानंतरचा पंचनामा एकदा न करता सहा महिन्यांनी दुसऱ्यांदा केला, तर न पडलेल्या घरांचे नुकसानही कागदावर येईल.

मोठ्या शहरांत इमारतीखाली तळघर काढायचे, तर ते जलरोधक असावे, त्यात हवा खेळावी, बाहेरचे पाणी आत येऊ नये, अशा अटी बांधकाम नियमावली घालते. मोटारी ठेवण्याच्या जागेला जे संरक्षण कायद्याने दिले, ते रस्ता उंचावल्यामुळे तळघर बनलेल्या राहत्या घरांना नाही. या घरांत माणसे झोपतात, मुले अभ्यास करतात, वर्षाचा तांदूळ साठवला जातो. त्यांच्या भिंतींवर दरवर्षी उमटणारा तो काळा पट्टा घरमालकाच्या आळसाची खूण मानायची, की आपल्या नियोजनाचा हिशेब, हे ठरवण्याची वेळ आली आहे.