दोन यू आणि एक आडवी रेघ

"मी म्हटलं नव्हतं?" असं विचारायची संधी स्तंभलेखकाला फार वेळा मिळत नाही. या आठवड्यात मिळाली, सोडणार नाही. सोसायटीच्या हिशेबाच्या त्या कॉम्प्युटरच्या डब्याबद्दल पावसाळ्याआधी इथेच लिहिलं, तेव्हापासून आमचे खजिनदार लिफ्टमध्ये माझ्याकडे न बघता मजले मोजत असत. सोमवारी सकाळी सातला तेच दारात. "काका, जरा खाली येता का? बिलं निघत नाहीयेत."

ऑफिसात एएमसीवाला मुलगा आधीच घाम पुसत बसला होता. एएमसी, म्हणजे वार्षिक देखभालीचा करार, हे माझं जुनं दुखणं, वाचक जाणतात. वर्षाचे पैसे आगाऊ घ्यायचे, ब्रशने कीबोर्ड झटकायचा, वहीत सही घ्यायची. मुंबईत याला देखभाल म्हणतात. या मुलाने शनिवारी मेलेली डिस्क काढून नवी बसवली, रिबिल्ड चालू केलं आणि घर गाठलं. "एक डिस्क चालूच होती ना काका, मग टेन्शन कसलं?"

टेन्शन तेच. स्क्रीनवर जिथे दोन यू हवेत तिथे एक यू आणि शेजारी आडवी रेघ. लिनक्सचा हा काटकसरीपणा मला आवडतो: यू म्हणजे डिस्क कामावर, रेघ म्हणजे जागा रिकामी किंवा तिथली डिस्क अजून भरून झालेली नाही. रेघ कधीची, हे मशीनच्याच टपालपेटीत सापडलं. अडीच महिन्यांपूर्वी, पहिली डिस्क गेली त्याच दिवशी, मशीनने रीतसर पत्र लिहिलं होतं. कुणाला? रूटला, म्हणजे स्वतःलाच. ते उघडणार कोण?

आमच्या डब्यात दोन डिस्कचं मिररिंग आहे, त्याला रेड वन म्हणतात. (रेड म्हटलं की आमच्या सचिवांना इन्कम टॅक्स आठवतो, नाव मात्र पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ या बर्कलेच्या मंडळींच्या 1988 च्या निबंधातलं.) दोन डिस्कवर तेच तेच लिहायचं, एक गेली तर दुसरी गाडा ओढते. एवढं सगळ्यांना कळतं. नवी डिस्क बसवल्यावर जुनीवर काय गुदरतं, ते कुणाला कळत नाही.

दहिसरकराला ते समजायला रविवारचा मेगाब्लॉक पुरे. दहा ते तीन जलद मार्ग बंद, फास्ट गाड्या स्लोवरून. फलाटावर उभे राहून आपण रेल्वेच्या नावाने बोटं मोडतो, पण ती काय करते बघा. आधी पेपरात छापते. रविवार निवडते. काही गाड्या रद्द करते, कारण उरलेल्या मार्गावर दुप्पट ओझं येणार हे तिला ठाऊक असतं. काम संपल्यावरही मोटरमनच्या हाती कॉशन ऑर्डर असते: या पट्ट्यात वेग एवढाच. आणि आम्ही? आमचा ब्लॉक पडला महिन्याच्या एक तारखेला, 84 फ्लॅटची बिलं काढायच्या दिवशी, आणि एकही गाडी रद्द नाही. शनिवारी संध्याकाळी खजिनदारांनी वीज वाचवायला नेहमीप्रमाणे मशीन बंद केलं होतं. सोमवारी बटण दाबताच अर्धवट रिबिल्ड पुढे सरकू लागलं आणि त्याच डिस्कवर बिलांचा लोंढाही आला.

रिबिल्ड म्हणजे जुनी डिस्क पहिल्या सेक्टरपासून शेवटच्यापर्यंत वाचणं. वर्षानुवर्षं कुणी न शिवलेले कोपरेही वाचावे लागतात, आणि कुजलेले सेक्टर नेमके तिथे निघतात. आमचे तसेच निघाले. गंमत अशी, की रेल्वेची सगळी शिस्त लिनक्समध्ये आहे. कॉशन ऑर्डर आहे: रिबिल्डचा वेग सेकंदाला किमान 1,000 आणि कमाल 2,00,000 किलोबाइट असा आधीच बांधलेला, हवा तसा बदलता येतो. मेगाब्लॉकसुद्धा आहे, तोही रविवारचाच! डेबियन या लिनक्सच्या प्रकारात वर्षानुवर्षं महिन्याच्या पहिल्या रविवारी रात्री 12 वाजून 57 मिनिटांनी दोन्ही डिस्क आपोआप तपासल्या जात. दोन्ही धडधाकट असताना हा तपास झाला असता, तर एकीचा कुजका सेक्टर दुसरीवरून सुधारून घेता आला असता. पण त्या वेळी आमचं मशीन झोपलेलं. विजेची बचत किती झाली, ते खजिनदारांनाच विचारा.

मी आधी सगळं थांबवलं. मग डिस्कवरच्या चिठ्ठ्यांवरचे सिरियल नंबर कागदावर उतरवले, कारण मशीन पुन्हा सुरू झालं की कालची 'ए' आज 'बी' होऊ शकते आणि कोरी डिस्क भरलेलीवर ओतायला एक ओळ पुरते. हसू नका. 31 जानेवारी 2017 च्या रात्री प्रोग्रामरांचा कोड सांभाळणाऱ्या गिटलॅब कंपनीच्या इंजिनिअरने चुकीच्या सर्व्हरवर डिलीट मारलं. सुमारे 300 जीबी गेलं आणि शेवटी सहा तासांचं काम कायमचं बुडालं. ती माणसं एएमसीवाली नव्हती. मग तिसरी डिस्क मागवली (समितीत त्या खर्चावर आधीच कुजबुज आहे) आणि डीडीरेस्क्यूने जुनीची नक्कल काढली. हा प्रोग्राम समजूतदार आहे. सहज वाचता येतं ते आधी उचलतो, अडलं तिथे खूण करून पुढे जातो, कुजक्या जागांकडे शेवटी वळतो. बुधवारी पहाटे संपला. हिशेब सगळे आले. गणपतीचे काही फोटो अर्धे राखाडी झाले. समितीच्या सभांची इतिवृत्तं, दुर्दैवाने, एकूण एक शाबूत आहेत.

आता पुन्हा दोन यू दिसतात, आणि सचिव निश्चिंत आहेत. मी नाही. दोन्ही डिस्क एकाच डब्यात, डबा तळमजल्यावर, आणि पाठीमागे दहिसर नदी. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा फास्ट आणि स्लो दोन्ही एकदमच बसल्या होत्या. शिवाय एखाद्याने चुकून फाइल पुसली, तर आरसा तीही तत्परतेने दोन्हीकडे पुसतो. एक प्रत कुणाच्या तरी गावी, नाशिकला, सांगलीला, कुठेही ठेवा, असं मी लेखी दिलं. पुढच्या सभेत विषय घेऊ, असं उत्तर आलं. तूर्त डबा स्टुलावर चढला आहे.

महिन्यातून एक रविवार मशीन रात्रभर चालू ठेवायला मात्र खजिनदार तयार झालेत. फक्त मीटर कुणाचा, एवढं त्यांना लेखी हवंय.